घरच्या महालक्ष्म्या, कोराडीची देवी, दिवाळीची लक्ष्मी: एकच की वेगवेगळ्या?

वैदेही_धंतोली
नमस्कार मंडळी. घरोघरी महालक्ष्म्या, म्हणजे ज्येष्ठा-कनिष्ठा गौरी, नुकत्याच झाल्या. आता नवरात्रात नागपूरजवळच्या कोराडीला रांगा लागतील, मग दिवाळीचं लक्ष्मीपूजन, मग मार्गशीर्षातले गुरुवार. नाव सगळीकडे तेच. पण नीट पाहिलं तर या देवी एकमेकींसारख्या दिसतच नाहीत. भाद्रपदात दोघी बहिणी उभ्या, भरजरी लुगडी नेसलेल्या, पुढ्यात लेकरं, आणि विष्णूचा कुठे पत्ता नाही. कोराडीची जगदंबा सकाळी कन्या, दुपारी तरुणी आणि संध्याकाळी प्रौढा दिसते अशी श्रद्धा. दिवाळीच्या फोटोतली कमळावर, हातातून नाणी पडताहेत, बाजूला हत्ती. आणि गुरुवारी तर पुष्कळ घरी नुसता कलश, नारळ आणि पानं.

माझी आठवीतली मुलगी विचारते, यातली खरी लक्ष्मी कोणती? ‘सगळ्या एकच’ हे उत्तर तिला पटत नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही ते प्रश्न टाळल्यासारखं वाटतं. तुमच्या घरी काय करतात, कोणी काय वाचलं-पाहिलं आहे, ते लिहा. ‘श्रद्धेचा विषय आहे’ म्हणून धागा बंद करू नका, प्लीज.

कुसुमकाकू
वैदेही, छान विषय काढलास. आमच्याकडचं सांगते. अनुराधा नक्षत्रावर आवाहन, ज्येष्ठा नक्षत्रावर पूजन आणि जेवण, मूळ नक्षत्रावर विसर्जन. मुखवटे दारातून आत आणायचे, अंगणापासून कुंकवाची पावलं. नुसतं आणून बसवायचं नाही. आधी तिला सगळं घर दाखवायचं: हे स्वयंपाकघर, ही धान्याची कोठी, ही तिजोरी, हे पोरांच्या अभ्यासाचं टेबल. मग उभी करायची. आमच्या कोठ्या पत्र्याच्या आहेत. एकीच्या पोटात गहू, दुसरीच्या पोटात तांदूळ भरतो, त्यावर मुखवटा. वरून लुगडं, वेणी, नथ, वर फुलोरा टांगलेला. करंज्या, वेणी-फणी, सगळं कणकेचं तळलेलं.

म्हणजे बघ, दागिने वरून, पण आत भरलेलं असतं धान्य. तुझ्या लेकीला मी हेच दाखवलं असतं. आमची लक्ष्मी दाण्यांची आहे. नाणी नंतर आली.

ओंकार_मानेवाडा
काकू, सोळा भाज्या कोण चिरतं ते पण लिहा ना. आमच्याकडे आदल्या रात्री समदे पुरुष विळ्यावर. कोहळं फोडायचं काम खास काकांचं, त्यांच्याशिवाय कोणाच्यानं फुटतच नाही.

सांबारवडी
सोळाचा आकडा भरता भरता दरवर्षी शेवटी ढेमसं येतं. आणि जेवणात सर्वात आधी तीच भाजी संपते. चमकुऱ्याच्या (अळूच्या) वड्या नसल्या तर मात्र आमची आजी ताटाला हात लावत नसे.

इतवारीकर
आमचं धान्याचं दुकान आहे, तीन पिढ्यांचं. दिवाळीला आधी काटा धुतो, मग मापं, मग गल्ला. वहीवर हळदीकुंकवाचं स्वस्तिक, शुभ-लाभ. आता वहीच्या शेजारी लॅपटॉप पण असतो, त्यालाही फूल वाहतो, कारण हिशेब त्यातच. नैवेद्याला साळीच्या लाह्या, बत्तासे, धणे-गूळ. आणि पाटावर नवीन फडा, म्हणजे केरसुणी.

आमच्या बाबांचा नियम होता: फड्याला पाय लागला की नमस्कार. फडा ही लक्ष्मी. कचरा बाहेर काढते म्हणून नाही, तर सांडलेला दाणा गोळा करते म्हणून. धान्याच्या दुकानात संध्याकाळी झाडलोट केली की चाळणीवर किती निघतं ते ज्यानं पाहिलं, त्याला हे वेगळं सांगावं लागत नाही. त्यामुळे माझ्या लेखी मूर्तीपेक्षा फडा मोठा.

श्रीधर_महाल
वैदेहीताई, लक्ष्मीच्या रूपांचा उगम शोधायचा तर श्रीसूक्तापासून सुरुवात करावी लागेल. ऋग्वेदाच्या खिलसूक्तांतलं, म्हणजे परिशिष्टातलं, हे सूक्त. आपण ते गुळगुळीत पाठ म्हणतो, पण अर्थाकडे लक्ष दिलं की दचकायला होतं. सुरुवातीला सोनं आहे, रुपं आहे, ‘हिरण्यवर्णां हरिणीं’. पुढे घोडे, रथ, हत्तींचा नाद. आणि मग ती एकदम जमिनीवर येते. ‘नित्यपुष्टां करीषिणीम्’: करीष म्हणजे सुकं शेण, गोवऱ्या. शेणाने समृद्ध असलेली देवी. तिच्या मुलांची नावं कर्दम आणि चिक्लीत. एक चिखल, दुसरा ओल. ऋषी तिच्या मुलालाच म्हणतो, बाबा चिखला, तू माझ्याकडे राहा आणि तुझ्या आईला माझ्या कुळात वसव.

हे शेती करणाऱ्या, गुरं पाळणाऱ्या माणसाचं मागणं आहे. झाडही तिचं बेल आहे, ज्याला आज आपण फक्त महादेवाचं समजतो. विष्णूशी जोडी पक्की झाली ती नंतरच्या पुराणांत, समुद्रमंथनाच्या कथेने. तिथून तिचं विष्णुपत्नी हे रूप मुख्य झालं आणि माझ्या मते तेच अधिकृत मानावं.

धानपट्टा
श्रीधर दादा, शेवटचं वाक्य सोडून बाकी सगळं मान्य. मी भंडारा जिल्ह्यातला, धान लावतो. आमच्या बांधीत (धानाच्या खाचरात) चिखलणी झाल्याशिवाय रोवणी होत नाही. गुडघाभर चिखलात बाया ओळीनं वाकून रोवतात. चिखल हा लक्ष्मीचा पोरगा हे ज्यानं लिहिलं, त्यानं बांधी जवळून पाहिलेली असणार.

फोटोतल्या हत्तींबद्दलही ऐका. ते दोन हत्ती सोंडेतल्या घागरी तिच्या डोक्यावर ओततात. हत्ती म्हणजे ढग. जुन्या साहित्यात ढगांना हत्ती म्हणतातच. पाऊस पडतोय आणि खाली भूमी भिजतेय, असं ते चित्र. आम्ही ते कॅलेंडर बघून तोच अर्थ लावतो, कारण आमच्या घरात पाणी वेळेवर आलं तरच पैसा येतो. दिवाळीच्या सुमारास हलका (लवकर पिकणारा) धान कापणीला येतो, तेव्हा लाह्या नव्या साळीच्या. नैवेद्य काय ठेवायचा हे पीकच ठरवतं.

ओंकार_मानेवाडा
आणि कापसाच्या इकडे पहिल्या वेचणीला सीतादही. माझ्या मामाकडे वर्धेच्या बाजूला शेतात दहीभाताचा नैवेद्य दाखवल्याशिवाय बोंडाला हात लावत नाहीत.

सुमेध_इंदोरा
जय भीम, नमस्कार. मी देव मानत नाही, पण शिल्पं बघायला फिरतो, म्हणून लिहितो. हत्तींमधली देवी दगडात खूप आधी दिसते ती बौद्ध स्थळांवर. सांचीच्या तोरणांवर ती अनेकदा आहे: कमळावर बसलेली किंवा उभी, दोन्हीकडे हत्ती. भारहुतच्या कठड्यावर एका स्त्रीप्रतिमेखाली ‘सिरिमा देवता’ असं ब्राह्मीत कोरलेलं आहे. सिरी म्हणजे श्री. ही शिल्पं इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या-पहिल्या शतकातली. काही अभ्यासकांनी सांचीच्या गजलक्ष्मीला बुद्धमाता माया मानलं, त्यावर वाद आहे.

जैनांकडेही आहे. महावीरांच्या आईने, त्रिशलेने, जी शुभ स्वप्नं पाहिली त्यांत श्रीदेवी येते. जपानच्या बौद्ध मंदिरांत ती किचिजोतेन नावाने उभी आहे. म्हणून एका पंथाचं रूप ‘अधिकृत’ म्हणणं मला तरी जमत नाही. जिथे माणसं पीक-पाण्यासाठी आणि मुलाबाळांच्या सुखासाठी हात जोडत होती, तिथे ती होती.

शाल्मली
सुमेध, भारी माहिती. वेरूळच्या कैलास लेण्यात आत शिरताच समोर मोठी गजलक्ष्मी आहे, ती आठवली. तळ्यात कमळंच कमळं, त्यात ती बसलेली. शिवाचं मंदिर, आणि स्वागताला ही.

करवीरकर
मी मूळचा कोल्हापूरचा, नोकरीमुळे नागपुरात. श्रीधररावांच्या ‘विष्णुपत्नी हेच अधिकृत’ या वाक्यावर मला सविस्तर लिहायचं आहे, कारण आमच्याकडे हा वाद शब्दांवर थांबत नाही, लोक हमरीतुमरीवर येतात.

अंबाबाईच्या मूर्तीच्या चार हातांत काय आहे? म्हाळुंग, गदा, ढाल आणि पानपात्र (पिण्याचं पात्र). मस्तकावर नाग, लिंग आणि योनी. मागे सिंह. कमळ नाही, नाण्यांचा वर्षाव नाही, शेजारी विष्णू नाही. हे वर्णन देवीमाहात्म्याला जोडलेल्या प्राधानिक रहस्यात जसंच्या तसं सापडतं, आणि तिथली महालक्ष्मी कोणाची पत्नी नाही. ती आद्य शक्ती आहे. तिच्यापासूनच बाकीच्या देवता, ब्रह्मा-विष्णू-महेशसुद्धा. देवीमाहात्म्याच्या मधल्या चरित्राची देवताही महालक्ष्मीच आणि तिथे ती महिषासुराला मारते. म्हणजे ज्या रूपाला आपण दुर्गा म्हणून ओळखतो, ते करणारी देवी तिथे महालक्ष्मी आहे.

म्हाळुंग हे फळ बियांनी भरलेलं असतं. गदा आणि ढाल हे मिळवलेलं राखण्यासाठी. पानपात्राचे अर्थ अनेक लावतात. मला स्वतःला म्हाळुंग सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. संपत्तीची खूण म्हणून सोन्याचं नाणं न घेता बियांचं फळ हातात धरलेली देवी!

किरणोत्सव ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी एकदा तरी पाहावा. ९ ते ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी, मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात. पहिल्या दिवशी पायांपर्यंत, मग छातीपर्यंत, मग मुखावर. ढग आले की हळहळ होते, पण लोक पुढल्या दिवशी पुन्हा उभे असतात.

श्रीधर_महाल
करवीरकर, देवीमाहात्म्याचा आधार बिनतोड आहे, नाकारत नाही. माझं म्हणणं इतकंच की शाक्तांची महालक्ष्मी आणि वैष्णवांची लक्ष्मी या दोन वेगळ्या परंपरा आहेत. दोन्ही एकत्र कालवल्या की मग वैदेहीताईंच्या लेकीला पडला तसा प्रश्न पडतो.

करवीरकर
परंपरा वेगळ्या, हे मान्य. पण भाविकानं कधीच वेगळ्या केल्या नाहीत. तिरुपतीहून अंबाबाईला शालू येतो, तो आम्ही आनंदानं नेसवतो, आणि नवरात्रात तिलाच महिषासुरमर्दिनीच्या रूपात सजवतो. लोकांना दोन्ही हवं आहे.

जुनी_नाणी
कमळावरच्या लक्ष्मीचा माग नाण्यांवर छान लागतो. समुद्रगुप्ताच्या सोन्याच्या नाण्यांच्या मागल्या बाजूला सिंहासनावर देवी आहे, हातात फळाफुलांनी ओसंडणारं शिंग. ते शिंग कुषाणांच्या अर्दोक्षो देवीकडून आलेलं. त्याचा मुलगा दुसरा चंद्रगुप्त, त्याच्या काळात ती सिंहासनावरून उतरून कमळावर बसते, हातात कमळ. परदेशी वळणाची देवी एका पिढीत आपली झाली.

नागपूरकरांना हे जवळचं वाटायला हवं. याच दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी प्रभावतीगुप्ता वाकाटकांच्या घरी सून म्हणून आली आणि रामटेकजवळच्या नंदिवर्धनातून, म्हणजे आजच्या नगरधनमधून, तिने मुलांच्या वतीने राज्य चालवलं. ती नाणी तिच्या माहेरची.

अजून एक. महंमद घोरीनं उत्तर भारत जिंकल्यावर सोन्याची जी नाणी पाडली, त्यांतल्या काहींवर बसलेली लक्ष्मी आहे आणि दुसऱ्या बाजूला नागरीत त्याचं नाव. बाजारात चालायचं तर लक्ष्मी हवीच होती.

आणि दिवाळीच्या फोटोतली? ती बरीच अलीकडची. राजा रविवर्म्याने १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, त्याच्या रंगीत छापांमुळे कमळावर उभी, काठापदराची साडी नेसलेली लक्ष्मी घरोघर गेली. त्याआधी देव्हाऱ्यात टाक असत, मुखवटे असत, सुपारी असे. आज डोळे मिटले की जी दिसते, ती त्या छापाची नात आहे.

कुसुमकाकू
नात! अगदी बरोबर. माझ्या सासूबाईंच्या देव्हाऱ्यात तसा एक जुना छाप होता, साडीवर खरी जर चिकटवलेली. कडेनं वाळवी लागली होती तरी त्यांनी तो काढू दिला नाही.

शाल्मली
मला एक खटकतं ते विचारू का? आपण दोघींना ज्येष्ठा आणि कनिष्ठा म्हणतो. आणि श्रीसूक्तातच ‘क्षुत्पिपासामलां ज्येष्ठामलक्ष्मीं नाशयाम्यहम्’ आहे. भूक-तहान-मळ ही जिची खूण, त्या थोरल्या अलक्ष्मीला मी घालवतो. मग आपण पुरणाचं जेवण घालतो ती कोण?

श्रीधर_महाल
पद्मपुराणात कथा आहे. समुद्रातून लक्ष्मीच्या आधी ज्येष्ठा निघाली. थोरली अविवाहित असताना धाकटीचं लग्न कसं करायचं, म्हणून उद्दालक ऋषींशी तिचं लग्न लावलं. आश्रमात वेदघोष, अतिथी, स्वच्छता. तिला ते सोसेना. ती म्हणाली, जिथे भांडणं असतील, अतिथीला विन्मुख पाठवत असतील, तिथे मला न्या. उद्दालक तिला पिंपळाखाली बसवून गेले ते परतलेच नाहीत. ती रडू लागली, तेव्हा विष्णूनं तिला पिंपळातच घर दिलं आणि लक्ष्मी दर शनिवारी बहिणीला भेटायला येते. शनिवारीच पिंपळाला हात लावायचा, ही रीत त्यातूनच.

कुसुमकाकू
श्रीधर, कथा माहीत आहे. पण आमच्या थोरलीला अलक्ष्मी म्हणू नका बाबा. तिची पूजा ज्येष्ठा नक्षत्रावर होते म्हणून ती ज्येष्ठा. आम्ही दोघींना सारखं लुगडं, सारखा हार. पहिला घास थोरलीला.

सुमेध_इंदोरा
काकू, तुमचं मन दुखवायचं नाही, पण तामिळनाडूत ज्येष्ठादेवीच्या हजाराहून अधिक वर्षांपूर्वीच्या मूर्ती आहेत. कांचीच्या कैलासनाथ मंदिरात पाहिली. पाय सोडून बसलेली, मोठं पोट, कावळ्याचा झेंडा, आणि दोन्ही बाजूंना मुलगा नि मुलगी. त्या काळी तिची रीतसर पूजा होत असे, नंतर ती मागे पडली. मुलगा आणि मुलगी पाहिल्यावर मला विदर्भातल्या महालक्ष्म्यांची लेकरं आठवली. दोन्हींचा संबंध आहे असा दावा करत नाही. पण जिला आज अशुभ म्हणतात, तीही कधी काळी लेकुरवाळी देवी होती.

धानपट्टा
मला तर दोघी बहिणींना एकत्र जेवू घालणं लय आवडते. घरात सुगी पण येते, उन्हाळा पण येतो. एकीला बोलवायचं आणि दुसरीला दाराबाहेर ठेवायचं, असं शेतात होत नाही.

सांबारवडी
यावरून आठवलं, कडकलक्ष्मी कोणाला आठवते का? पोतराज यायचा, अंगावर आसूड ओढायचा, सोबतच्या बाईच्या डोक्यावर देवीचा देव्हारा, ढोलकं घुमत असायचं. आम्ही पोट्टे आईच्या पदराआड. आई सुपात धान्य घालायची. तीही लक्ष्मीच की. नावात लक्ष्मी, स्वभावात मरीआई.

ओंकार_मानेवाडा
आहे आठवण! आमच्या आजीनं तिला कधी रिकाम्या हातानं पाठवलं नाही. म्हणायची, ही रागावली तर दिवाळीवालीचा उपयोग नाही.

पूर्वा_कटक
मी नागपूरचीच, लग्नानंतर ओडिशात. मार्गशीर्षातल्या गुरुवारांचा उल्लेख आला म्हणून लिहिते. इथेही मार्गशीर्षात दर गुरुवारी लक्ष्मीपूजन असतं, माणबसा गुरुबार. दारापासून तांदळाच्या पिठाच्या रांगोळीची पावलं, धान्य मोजायच्या मापात नवीन धान भरून तीच लक्ष्मी. आणि या दिवशी बलराम दासांचं लक्ष्मीपुराण घरोघरी वाचतात.

त्याची कथा ऐका. लक्ष्मी गुरुवारी पुरीत फेरी मारायला निघते आणि श्रीया नावाच्या चांडाळ स्त्रीच्या घरी जाते, कारण तिनं अंगण सारवून, पावलं काढून मनापासून पूजा मांडलेली असते. बलभद्र ते बघतो आणि जगन्नाथाला सांगतो, हिला घरात घेऊ नकोस. जगन्नाथ भावाचं ऐकतो. लक्ष्मी निघून जाते. मग दोघा देवांच्या घरात अन्नाचा कण उरत नाही. भीक मागत फिरतात, कोणी दारात उभं करत नाही. शेवटी एका घरी जेवण मिळतं, ते लक्ष्मीचंच. जेवण्याआधी त्यांना कळतं की अन्न चांडाळिणीच्या घरचं म्हणून सांगितलंय, तरी ते जेवतात. परत येताना लक्ष्मी अट घालते: माझ्या जेवणात जातिभेद चालणार नाही. पुरीच्या महाप्रसादाला सगळे एका पंगतीत बसतात, त्यामागे ही कथा सांगतात.

हे लिहिलं गेलं सोळाव्या शतकाच्या आसपास. मी पहिल्यांदा सासूबाईंकडून ऐकलं तेव्हा डोळ्यांत पाणी आलं. देवानं बायकोला घराबाहेर काढलं आणि बायकोनं त्याला उपाशी ठेवून शहाणं केलं!

सुमेध_इंदोरा
पूर्वाताई, हे माहीत नव्हतं. मूळ कथा मिळवून वाचणार. मनापासून आभार.

शाल्मली
पूर्वाच्या कथेवरून मनातलं लिहिते. माझी आई तीन वर्षांपूर्वी एकटी झाली. तिच्या हातचं पुरण नात्यात सगळ्यांना हवं असतं. महालक्ष्म्यांचा सगळा स्वयंपाक तिनं केला आणि पंगतीच्या वेळी एका नातेवाईकानं तिला ‘तुम्ही जरा आत बसा, सवाष्णी आधी जेवू द्या’ म्हटलं. ती आत बसली. मला त्या दिवसापासून दोघींपुढे हात जोडताना जड जातं.

श्रीधर_महाल
शाल्मली, वाईट वाटलं. सवाष्ण जेवू घालण्याची रीत जुनी आहे, ती मोडा असं मी म्हणणार नाही. पण स्वयंपाक करणाऱ्या बाईला आत बसवणं कुठल्याही शास्त्रात नाही.

कुसुमकाकू
श्रीधर, रीत मोडायची नाही म्हणतोस, मग ज्येष्ठागौरीची कहाणीच आठवून पाहा. गरीब माणूस. लेकरं शेजारच्या घरच्या गौरी बघून आईला म्हणतात, आपल्याकडे आण. घरात काही नाही. नवरा बाजारात जाऊनही काही जमत नाही, तेव्हा तळ्यावर जीव द्यायला निघतो. वाटेत एक म्हातारी भेटते. तो तिला घरी घेऊन येतो. बायको विचारते, कोण पाहुणी? तो म्हणतो, आजी आहे. बायको आत जाते तर रिकाम्या मडक्यात आंबिलीच्या कण्या भरलेल्या. सगळे पोटभर आंबील जेवतात. दुसऱ्या दिवशी म्हातारी म्हणते, मला न्हाऊ घाल, गोड जेवू घाल. मग दावणीला गाईगुरं येतात, घर भरतं. जाताना ती त्याला वाळू देते, म्हणते घरभर टाक, हंड्यावर टाक, मडक्यावर टाक, गोठ्यात टाक. कधी उणं पडणार नाही.

या कहाणीत त्या म्हातारीला कोणी विचारलं का, तुझा नवरा आहे का, कपाळावर कुंकू आहे का, जात कोणती? विचारलं असतं तर ती वाटेतच राहिली असती. मार्गशीर्षाच्या पोथीतही तेच. लक्ष्मी म्हातारीच्या वेशात राजवाड्याच्या दारात जाते आणि राणी सुरतचंद्रिका तिला हाकलून देते, तिथून राज्य बुडतं. आपण ही पोथी दर गुरुवारी वाचतो आणि पंगतीला बाईचं कपाळ बघतो.

आमच्याकडे माझ्या विधवा जाऊबाईंना मीच पाटावर बसवते, ओटी भरते, पाया पडते. पहिल्या वर्षी दोन घरचे लोक जेवायला आले नाहीत. आता येतात. शाल्मली, पुढल्या वर्षी आईला घेऊन माझ्याकडे जेवायला ये. मेसेज कर, पत्ता पाठवते.

शाल्मली
काकू… आईला वाचून दाखवलं. येऊ.

इतवारीकर
काकूंचा प्रतिसाद आमच्या घरच्या ग्रुपवर टाकतोय, नाव न लिहिता. चालेल ना काकू?

कुसुमकाकू
टाक बाबा.

करवीरकर
कोराडीची देवी संध्याकाळी प्रौढ दिसते, हे वैदेहीताईंनी सुरुवातीला लिहिलंय, त्याला आता वजन आलं. तिन्ही वेळेला देवी तरुणच असावी असा हट्ट त्या श्रद्धेत नाही.

जुनी_नाणी
रुक्मिणी राहिलीच की! रुक्मिणीला लक्ष्मीचा अवतार मानतात आणि ती आपल्या विदर्भाची राजकन्या, कौंडिण्यपूरची. अमरावती जिल्ह्यात वर्धा नदीच्या काठी. तिथून दरवर्षी आषाढीला रुक्मिणीची पालखी पंढरपूरला जाते. बाकी महाराष्ट्र विठ्ठलाला भेटायला जातो, आपण लेकीला भेटायला जातो.

ओंकार_मानेवाडा
म्हणजे लक्ष्मीचं माहेर आपल्याकडे आणि पैसा पुण्या-मुंबईकडे. लेक सासरीच रमली राजेहो!

धानपट्टा
😄 अनुशेषाचा धागा वेगळा काढा भाऊ.

वैदेही_धंतोली
दोन दिवस सगळं मुलीबरोबर बसून वाचलं. तिला ‘खरी कोणती’ याचं उत्तर मी दिलं नाही. तिनंच एक वही केली आहे. प्रत्येक लक्ष्मीच्या हातात काय, पायाशी काय, पोटात काय, आणि ती कोणाच्या दारात जाते, असे चार रकाने. कोल्हापूरच्या रकान्यात म्हाळुंग काढलंय. सांचीच्या रकान्यात हत्ती. कमळ आणि हत्ती बऱ्याच ठिकाणी आले, कोल्हापूर नि आपल्या घरच्या वेगळ्या पडल्या, नाणी फक्त फोटोत. ‘कोणाच्या दारात’ हा रकाना मात्र कहाण्यांमुळेच भरला, मूर्तींवरून भरता आला नाही. श्रीधर दादा, तिला उद्दालकाची गोष्ट अन्यायाची वाटते. थोरलीला पिंपळाखाली एकटं सोडून जाणं तिला पटलेलं नाही, आणि त्यावर मीही तिच्या बाजूनं आहे.

दिवाळीआधी तिला सुमेधनी सांगितलेली शिल्पं फोटोत दाखवणार आहे, आणि सुट्टीत कौंडिण्यपूरला जायचं ठरतंय. कोणी गेलं असेल तर नागपूरहून रस्ता कसा, ते सांगा. काकू, आंबिलीची कृती पण हवी. आमच्याकडे सासूबाई गेल्यापासून ती नीट जमत नाही.

जुनी_नाणी
वर्धा-आर्वीवरून जा. सकाळी लवकर निघालात तर संध्याकाळी परत. नदीकाठचं विठ्ठल-रुक्मिणी मंदिर पाहा, आणि जुनी टेकाडं आहेत तिथेही मुलीला न्या. उत्खनन झालेलं गाव आहे.

इतवारीकर
लाह्या घ्यायच्या असतील तर दिवाळीच्या आठवडाभर आधी इतवारीत या. आदल्या दिवशी चांगल्या राहत नाहीत, तुटक्या मिळतात. हातात घेऊन दाबून पाहा, कुरकुरल्या पाहिजेत. आणि फडा शिंदीचाच घ्या, प्लास्टिकचा नको.

कुसुमकाकू
वैदेही, आंबील: ज्वारीचं जाडसर पीठ आदल्या रात्री आंबट ताकात कालवून झाकून ठेव. सकाळी त्याला बुडबुडे आले पाहिजेत. पातेल्यात पाणी उकळ, मीठ, किसलेलं आलं, वाटलेलं जिरं, हिरव्या मिरचीचे तुकडे घाल. मग ते पीठ बारीक धारेनं सोडायचं आणि ढवळत राहायचं. हात थांबला की गाठी. मंद आचेवर चकाकी येईस्तोवर शिजव, उतरवल्यावर ओल्या खोबऱ्याचे काप आणि सांबार (कोथिंबीर). नैवेद्याला लसूण नको. घट्ट झाली तर वरून ताकच घाल, पाणी नको.